सकिनाय आपा घर बघते

शनिवारी सकाळी एर्मेकने तिसऱ्यांदा टाय सोडला आणि बायकोला विचारलं, की अशा ठिकाणी जाताना माणसं घालतात तरी काय.

"कपडे घालतात," बुरुल म्हणाली.

'अशा ठिकाणी' हाच त्या घरातला शब्द होता. वृद्धांचं निवासगृह असं दोन महिन्यांत दोघांपैकी एकानेही तोंडातून काढलं नव्हतं. एर्मेक भूमापन कार्यालयात होता. डोंगरांच्या उंच्या आणि दऱ्यांच्या खोल्या तो एका दमात सांगे, पण हा एक शब्द आला की त्याची जीभ अडे. त्यांच्या कुळात चाळीस घरं होती आणि चाळीस घरांत कोणी आईला परक्या छपराखाली ठेवलं नव्हतं. ठेवलं असेल तर सांगितलं नव्हतं.

सकिनाय आपा, एर्मेकची आई, तीन वर्षांपूर्वी वरच्या कुरणावरून बिश्केकला त्यांच्या चौथ्या मजल्यावर राहायला आली. आली तेव्हा ती नावं विसरत होती. मग वार विसरली, मग नवरा गेल्याचं विसरली आणि त्याच्यासाठी चहा झाकून ठेवू लागली. गेल्या महिन्यात ती बादली घेऊन चार मजले उतरली आणि खाली उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या पांढऱ्या मोटारीजवळ स्टूल टाकून बसली. बुरुल धापा टाकत पोचली तेव्हा आपा मोटारीच्या अंगावरून हात फिरवत तिला समजावत होती, की असं पान्हा चोरून चालत नाही, घरात लेकरं आहेत.

बुरुल हसली होती, आणि मग जिन्यात बसून रडली होती. तिची कंबर गेली होती, रक्तदाब चढला होता. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी तिने अर्ध्यावर आणली होती आणि उरलेली अर्धीही जायच्या बेतात होती. डॉक्टरांनी एर्मेकला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की असंच चाललं तर वर्षभरात त्याला एकाऐवजी दोन बायकांची उठबस करावी लागेल. म्हणून शेवटी ठरलं, की एकदा नुसतं बघून यायचं. बघायला काय हरकत आहे?

आपाला घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. "चल आई, जरा मंडळींकडे जाऊन येऊ," असं एर्मेकने तिला सांगितलं आणि तो चौथ्यांदा टाय बांधायला गेला.

आपा पलंगाच्या कडेवर बसून सगळं बघत होती. मुलगा टाय लावतोय, पांढऱ्या कालपाकची धूळ झटकून ती टोपी डोक्यावर नीट बसवतोय. सून कणकेचे तळलेले बोरसोक पांढऱ्या फडक्यात बांधतेय, केकचा खोका दोरीने आवळतेय. दोघं स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजतायत. कुठे जायचं ते कोणी धड सांगत नाही. आपाच्या डोक्यातले वरचे कप्पे एकेक करून रिकामे झाले होते, पण अगदी तळाचा कप्पा गच्च भरलेला होता. आपल्या दरीत तिने अडतीस सोयरिकी जुळवल्या होत्या. नटूनथटून, पुडे बांधून, काही न बोलता माणसं निघाली, की ती कुठे निघतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती उठली, तिने आपली पेटी उघडली आणि रुमालात काहीतरी गुंडाळून खिशात घातलं.

मोटारीत तिने विचारलं, "मुलगी केवढी आहे?"

तज्ज्ञांनी सांगितलं होतं की नाही म्हणायचं नाही, वाद घालायचा नाही. बुरुल म्हणाली, "असेल तीस-एकतीसची, आपा."

"मोठी आहे. पण आपला तिलेकही काही दूधपिता नाही."

तिलेक त्यांचा मुलगा. कोरियात एका कारखान्यात कामाला होता आणि लग्नाचं नाव काढलं की फोनची रेंज गेली म्हणायचा. एर्मेकने रेडिओचा आवाज वाढवला. आपा असं पुष्कळ बोलायची.

घर शहरापासून दीड तासावर, डोंगराच्या पायथ्याशी जर्दाळूच्या बागेत होतं. बैठं, निळ्या खिडक्यांचं. रोझा एजे म्हणून एक रुंद खांद्यांच्या बाई ते चालवत. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, चहा ओतला आणि वाट बघितली. एर्मेकने हवेची चौकशी केली. बर्फ कधी वितळलं ते विचारलं. मग जर्दाळूंवर आला, कलमी की गावठी, थंडीने मोहोर गळला का, आणि जर्दाळूंवरून काही केल्या हलेना. रोझा एजेंनी सगळ्याची शांतपणे उत्तरं दिली. नंतर त्यांनी बुरुलला सांगितलं, की इथे येणारा प्रत्येक मुलगा आधी जर्दाळूंबद्दल बोलतो. मुली सरळ रडतात, ते सोपं पडतं.

बुरुलने मात्र तयारी केली होती. इंटरनेटवरून उतरवलेले बेचाळीस प्रश्न तिने वहीत लिहून आणले होते. किती माणसांमागे किती परिचारिका, आग लागली तर दारं कुठून, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का. अकराव्या प्रश्नावर ती मान वर करून बघते तर शेजारची खुर्ची रिकामी.

आपा कुठे गेली ते शोधायला फारसा वेळ लागला नाही. ती जिथून जिथून गेली होती तिथे खुणा होत्या. स्वयंपाकघरात सगळ्या पातेल्यांची झाकणं काढलेली होती आणि स्वयंपाकीण कमरेवर हात ठेवून उभी होती. न्हाणीघरातला प्रत्येक टॉवेल उलगडून हुंगलेला होता. दोन पलंगांच्या गाद्या उचलून खालून तपासलेल्या होत्या. सरतेशेवटी आपा सापडली ती उन्हाच्या खोलीत, जिथे वीस-बावीस म्हातारी माणसं खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती जमिनीवर बसली होती आणि एका म्हातारीचा मोजा काढून तिचं पाऊल तिने मांडीवर घेतलं होतं.

"आपा, असं करू नये," बुरुल म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"तू गप्प बस, सूनबाई. तुला अजून घर बघता येत नाही." आपाने त्या म्हातारीच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. "मुलगी कोणीही बघेल. ती तर सजवून पुढे बसवतात. आपण त्या घरची म्हातारी बघायची. नखं कापलीत का, टाचांना तूप लागतं का, मानेच्या मागे मळ आहे का. जी कोणाला दिसत नाही ती जागा बघायची. माझ्या अडतीस सोयरिकी झाल्या, एक मोडली नाही."

बुरुलने वहीकडे बघितलं. बेचाळीसांत नखांचा प्रश्न नव्हता.

ही नखं कोणी कापली म्हणून आपाने विचारलं, तेव्हा निळ्या झग्यातली एक परिचारिका पुढे आली. तिचं नाव ऐजारकिन. उंच, धट्टीकट्टी, हातावर पिठाचा डाग. ती म्हातारी, झिबेक, तिची सख्खी आजी होती.

आपाने तिला नीट निरखलं. "एकच गोष्ट किती वेळा विचारते ही तुला दिवसातून?"

"मोजत नाही," ऐजारकिन म्हणाली.

आपाचा चेहरा उजळला. तिने खिशातून रुमाल काढला, रुमालातून चांदीची, प्रवाळ जडवलेली कर्णफुलं काढली, ऐजारकिनला खाली वाकायला लावलं आणि एकामागून एक दोन्ही तिच्या कानांत अडकवली.

बुरुलच्या हातातली वही पडली. ज्या देशात मुलाची आजी मुलीच्या कानात कर्णफूल घालते, त्या देशात पुढे विचारायचं काही उरत नाही. सोयरीक झाली. आता मोडली तर दोन कुळं सात पिढ्या एकमेकांच्या दारावरून खाली मान घालून जाणार. ऐजारकिनने मात्र डोळ्यांनीच खुणावलं, राहू द्या. इथे कोणाला कशाला नाही म्हणायचं नाही असा नियम होता. मागच्याच आठवड्यात तिने एका आजोबांना नसलेल्या जहाजाची तिकिटं फाडून दिली होती. कर्णफुलं काय, संध्याकाळी परत देता येतील.

पण खोलीत आणखी बावीस माणसं होती. ती मेंढरांच्या कळपाने वाऱ्याकडे वळावं तशी एकेक करून वळली. कोणाला मुलांची नावं आठवत नव्हती, कोणाला जेवल्याचं. कर्णफुलं म्हणजे काय ते सगळ्यांना आठवत होतं. कोपऱ्यातून मुकाश मास्तर उठले. एका शाळेत तीस वर्षं हेडमास्तर होते आणि गेल्या शरदापासून स्वतःचं नाव त्यांना सांगता आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि आशीर्वाद म्हटला, अथपासून इतिपर्यंत, एका शब्दाची चूक न करता: अंगण भरू दे, उंबरा उंच राहू दे, पाळणा रिता न राहो, आटलेला झरा वाहू दे. बावीस जोडी हात वर गेले आणि चेहऱ्यांवरून खाली उतरले. एक आजी आनंदाने हुंदके देऊ लागली. ती कोणाच्या बाजूची आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं.

हे सगळं स्वयंपाकिणीने दारातून बघितलं. ती पलीकडच्याच गावची, ऐजारकिनच्या बापाची शेजारीण. तिने फोन करून सांगितलं, की तुझ्या पोरीच्या कानात कर्णफुलं पडली, मंडळी शहरातली आहेत, माणूस टायवाला आहे, ताबडतोब ये.

ऐजारकिनला एकतीस संपायला आलं होतं. तिच्या बापाने, कुबतने, चार स्थळं येऊन परत गेलेली बघितली होती. पंचवीस मिनिटांत तो आला, भावाला घेऊन, मोटारीच्या मागच्या डिकीत जिवंत मेंढा घालून. मोटारीतून उतरला तो सरळ एर्मेककडे गेला आणि त्याला छातीशी धरून म्हणाला, "व्याही, कळवून तरी यायचं. मी दाढी केली असती."

एर्मेक त्या क्षणापर्यंत रोझा एजेंशी गावठी जर्दाळूंबद्दलच बोलत होता. त्याने बायकोकडे बघितलं. बुरुलने त्याच्या कानाशी लागून चार वाक्यांत झालेलं सांगितलं. आता एर्मेकला एकच वाक्य बोलायचं होतं: माझी आई विसराळू झालीय, तिला ठेवायला आम्ही हे घर बघायला आलो होतो. ते वाक्य त्याच्या छातीतून निघालं, गळ्यापर्यंत आलं, समोर कुबतचा शुभ्र कालपाक आणि पाणावलेले डोळे बघून थबकलं आणि आल्या वाटेने परत गेलं.

"मुलगा कोरियात असतो," एर्मेक म्हणाला. "निर्व्यसनी आहे."

बुरुलने त्याला बाहीला धरून झाडाआड नेलं. "अहो, तुम्ही आत्ता पोराचं लग्न ठरवलंत."

"मग काय सांगू? आईला इथे टाकायला आलोय म्हणून सांगू? व्याह्यांसमोर?"

"व्याही आले कुठून?"

"आले ना आता," एर्मेक कळवळून म्हणाला. "तिलेकलाही करायचंच आहे ना कधीतरी. मुलगी नखं चांगली कापते."

बुरुल त्याच्याकडे बघत राहिली. तीस वर्षं संसार केलेला हा माणूस एक वाक्य टाळण्यासाठी पोटचा पोरगा द्यायला निघाला होता. तिला राग आला, आणि रागाच्या तळाशी तिला त्याची दयाही आली. आईची मान खाली जाऊ नये म्हणून तो स्वतःची मान कुठेही अडकवायला तयार होता.

तोवर अंगणात जेवणाचा दस्तरखान अंथरला गेला. केक सुटला, बोरसोक पसरले. म्हाताऱ्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि त्यांनी आपापसात दोन पक्ष पाडले, वराकडचे आणि वधूकडचे. झिबेक आजी चुकून वराकडे बसली आणि उठायला तयार होईना. आपा मधोमध, मानाच्या जागी. कुबत सगळ्यांशी बोलत होता, हसत होता, पण आजी जिथे बसली होती तिकडे सारखी पाठ करून उभा राहत होता. त्याचा भाऊ सुरीला धार लावत होता. मेंढा जर्दाळूची फांदी ओरबाडत उभा होता.

मेंढा कापला की गेलं सगळं. रक्त सांडलेला शब्द मागे घेता येत नाही. आणि मग काय होणार ते बुरुलला लख्ख दिसत होतं. लग्न तर होणारच, पण व्याह्यांच्या गावाला लागून असलेल्या घरात आपाला ठेवायची गोष्ट एर्मेक जन्मात काढणार नाही. आपा परत चौथ्या मजल्यावर, बादली परत जिन्यात, आणि आपण मध्ये, कंबर धरून.

ती उठली आणि मेंढा आणि सुरी यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, थांबा. आम्ही मुलगी बघायला आलो नव्हतो. आम्ही सासूबाईंना ठेवायला हे घर बघायला आलो होतो. त्यांना आता आठवत नाही काही. माझ्याच्याने होत नाही, म्हणून. कर्णफुलं त्यांनी आपल्या मनाने घातली. चूक आमची आहे."

 एर्मेकने कालपाक काढून हातात घेतला आणि तो त्याच्या आत काहीतरी शोधू लागला. कुबतचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू राखाडी.

"तुमच्याकडच्या कोणाला सांगितलंत हे?" त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"कोणालाच नाही," एर्मेक टोपीत बोलला.

"बाबा," ऐजारकिन म्हणाली. तिच्या कानांत प्रवाळ हलत होतं. "आपली आजी कुठे असते ते सांगा ना ह्यांना."

"सरोवराकाठी, सॅनेटोरियममध्ये," कुबत सवयीने म्हणाला, आणि मग त्याची नजर दहा पावलांवर बसून बोरसोक खाणाऱ्या आपल्या आईवर पडली. त्याच्या भावाने सुरी खिशात घातली.

"गुडघ्यांसाठी," कुबतने पुरं केलं. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं, गुडघ्यांसाठी?" एर्मेकने पहिल्यांदाच मान वर केली.

"गाव रोज विचारतं हो. स्वयंपाकिणीला तेवढं ठाऊक, पण तिने कोणाला सांगितलं नाही. मी सांगतो, आज जरा कमी आहे. एकाने तर आपल्या बायकोसाठी पत्ता मागितला तिथला. मी म्हटलं, जागा भरल्यात." कुबत खाली गवतावर बसला. "घरी ठेवलं असतं तर माझी बायको राहिली नसती, आणि आई चुलीत पडली असती. पण हे गावाला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

एर्मेक त्याच्याशेजारी बसला.  मग एर्मेकने विचारलं, "आता कसे आहेत गुडघे?" आणि कुबतच्या पोटातून जे हसू फुटलं त्याने मेंढा दचकून बागेत पळाला. एर्मेकही हसत होता आणि टायने डोळे पुसत होता. म्हाताऱ्या मंडळींना वाटलं देण्याघेण्याचं जमलं. त्यांनी पुन्हा एकदा हात वर करून आशीर्वाद दिला. मेंढ्याला धरायला कोणी गेलं नाही. तो अजून तिथेच असतो.

उन्हं कलायला लागली तेव्हा एर्मेक आईपुढे उकिडवा बसून म्हणाला, की चल, निघू या. आपा हलली नाही.

"शब्द न देता निघायचं? लोक काय म्हणतील?"

"मग दे की शब्द," एर्मेक म्हणाला. आता तो कशालाच घाबरत नव्हता.

"इतक्यात कसा देऊ?" आपाने आवाज खाली आणला, जसा ती अडतीस वेळा आणत आली होती. "दिवसा सगळीच घरं धुतलेली असतात, बाळा. घर कळतं ते सकाळी. विहीणबाईंना कोण उठवतं, हाक मारून उठवतं की गदागदा हलवून, आधी पाणी देतं की आधी बोल लावतं, ते बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही. झिबेकच्या शेजारी पलंग रिकामा आहे, मी बघून ठेवलाय. तुम्ही जा."

एर्मेकने बुरुलकडे बघितलं, बुरुलने रोझा एजेंकडे. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. एर्मेकने नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. 'किती काळासाठी' या रकान्याशी त्याचं पेन थांबलं. त्याने खिडकीतून बघितलं. आपा झिबेकचा मोजा परत तिच्या पायात चढवत होती आणि सकाळी काय काय बघायचं ते तिला सांगत होती. एर्मेकने रकान्यात लिहिलं: उद्या सकाळपर्यंत.

रविवारी दुपारी ते तिला न्यायला आले. आपाने त्यांचं दारात स्वागत केलं, कुठून आलात, वाटेत त्रास नाही ना झाला, म्हणून विचारलं आणि निघायचं म्हणताच हात झटकला. आत्ता तर आलेय, अजून सकाळ बघायची आहे. सकाळ तिने बघितली होती. रोझा एजेंनी सांगितलं, की पहाटेच उठून दारात खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येकाला कसं उठवतात ते टक लावून बघत होती, आणि मान डोलवत होती. फक्त ती आठवण आता तिच्यापाशी नव्हती.

याला सात आठवडे झाले. तो कागद बदलावा लागलेला नाही, कारण रोज सकाळी तो खराच असतो. ऐजारकिन रोज कर्णफुलं उतरवून आपाच्या उशाशी रुमालात ठेवते, आणि रोज न्याहारीनंतर तिची सोयरीक होते. आणखी दोघी परिचारिका आपाच्या समोरून मुद्दाम जाऊ लागल्या आहेत. कुबतने एकाला, फक्त एकाला, खरं सांगून टाकलं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आजीला भेटायला आला. एर्मेकने आपल्या थोरल्या चुलतभावाला फोनवर सगळं एका दमात सांगितलं आणि उत्तर यायच्या आत जर्दाळूंचा विषय काढला.

आणि बुरुल शनिवारी येते. गेल्या शनिवारी तिने नवा झगा घातला होता आणि रात्रभर झोपलेल्या माणसाचा चेहरा घेऊन ती आली होती. आपा बाकावर उन्हात बसली होती. तिने बुरुलला आपादमस्तक न्याहाळलं आणि ओळख न पटता तिला ती आवडली.

"तुम्हीपण घर बघायला आलात वाटतं?"

"हो, आपा."

"घर चांगलं आहे. पण लगेच हो म्हणू नका बरं," आपा तिच्या कानाशी लागून म्हणाली. "एकदा शब्द दिला की मग कोण विचारतंय? मी अजून ठरवतेय म्हटलं, की रोज सकाळी पहिली गरम रोटी माझ्या पुढ्यात येते."

आणि तिने बाकावर सरकून बुरुलला जागा करून दिली.